चामड्याखालचा डावा हात

जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात सकाळी लवकर गेलं तरच काही हाती लागतं. ऊन चढलं की गर्दी वाढते, आणि जे घेण्यासारखं असतं ते आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या वेड्याच्या पिशवीत गेलेलं असतं. सायकलच्या चेन, गंजलेले पाने, पितळी तोट्या, पंख्याची पाती, जोडी फुटलेला एकच बूट. पोत्यावर मांडलेल्या त्या पसाऱ्यात मला ती दिसली. म्हणजे तिचं नुसतं वरचं अंग. स्टँड नाही, पायडल नाही, चाकाची मूठही नाही. शिंप्याच्या मशीनला असतो तसा खाली सपाट पाट नव्हता. त्या जागी मनगटापेक्षा बारीक अशी एक लांबलचक भुजा पुढे आलेली, आणि तिच्या टोकाशी बॉबिन बसेल एवढीच खाच.

"काय आहे हे?" मी मुद्दाम अडाण्यासारखं विचारलं. भाव करायचा तर एवढं नाटक करावं लागतं.

"बूटवाली मशीन है भाई. ले जाव. लोहा है, किलो से दे देतूं."

किलोनं घेतली. घरी आणून चिंधी डिझेलमध्ये बुडवून तासभर घासली, तेव्हा बैठकीच्या कडेला काळ्या थराखालून आधी एक अक्षर वर आलं, मग आकडे. अक्षर होतं 'एफ'.

ज्यांना या मशिनींचा नाद आहे त्यांना हे एक अक्षर पुरतं. सिंगर कंपनीच्या स्कॉटलंडमधल्या कारखान्यात १९१० पासून पुढची दहा-अकरा वर्षं 'एफ' चालला. १९२१ नंतर 'वाय' आला, १९३५ नंतर 'ई ए'पासून सुरू होणारी जोडाक्षरं. मॉडेलचं नाव २९-के. त्यातला 'के' किलबोवीचा. ग्लासगोजवळ क्लाईड नदीकाठी क्लाईडबँक नावाचं गाव आहे, तिथं किलबोवी भागात सिंगरनं १८८५ मध्ये कारखाना उघडला. पहिल्या महायुद्धाच्या आधी तिथून वर्षाला दहा लाखांहून जास्त मशिनी बाहेर पडत. कारखान्याच्या मनोऱ्यावर चारही बाजूंना घड्याळ होतं. एकेका तबकडीचा व्यास २६ फूट. १९११ च्या मार्चमध्ये पॉलिश विभागातल्या बारा बायकांनी वाढीव कामाविरुद्ध हत्यार खाली ठेवलं आणि बघता बघता जवळजवळ अकरा हजार कामगार संपावर गेले. १९४१ च्या मार्चमध्ये जर्मन बॉम्बफेकीत कारखान्याचं लाकडाचं आवार जळालं. १९६३ मध्ये तो घड्याळाचा मनोरा पाडला, १९८० मध्ये कारखाना बंद झाला. तिथल्या रेल्वे स्टेशनाचं नाव मात्र अजून 'सिंगर' आहे.

एवढ्या लांबून आलेली ही वस्तू छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, एका वेशीबाहेर पोत्यावर पडलेली. ती शिवत काय होती, हा प्रश्न मला कारखान्याच्या इतिहासापेक्षा जास्त छळत होता. त्याचं उत्तर शोधायला आधी हातानं चामडं शिवणाऱ्याजवळ बसावं लागतं.

रस्त्याकडेला बसलेल्या चांभाराचा उजवा हात सगळे बघतात. त्या हातात आरी असते. आरीच्या टोकाजवळ एक बारीक खाच असते. तो आरी तळव्यातून आरपार घालतो, खाली धागा अडकवतो, वर ओढतो. वर धाग्याचा फास येतो. त्या फासातून वरचा धागा ओवतो आणि दोन्ही बाजूंनी आवळतो. की पुढचा टाका. पण आरीच्या खाचेत धागा अडकवतो कोण? डावा हात. तो बुटाच्या आत, चामड्याखाली असतो, दिसत नाही. आरीचं टोक कुठून बाहेर येणार हे तो अंधारात ओळखतो आणि धागा बरोबर तिथं धरतो. उजव्या हाताचं काम महिन्याभरात शिकता येतं, डाव्याला वर्षं लागतात, असं मला एका म्हाताऱ्या कारागिरानं सांगितलं होतं. आपल्याकडे सोप्या कामाला 'डाव्या हाताचा मळ' म्हणतात. हा वाक्प्रचार काढणाऱ्यानं कधी बूट शिवला नसावा.

शिवणयंत्राचा सगळा इतिहास या डाव्या हाताला पर्याय शोधण्याचा आहे, असं माझं मत. आणि तो इतिहास कापडापासून सुरू होत नाही, चामड्यापासून होतो. शिवणयंत्राचं पहिलं ज्ञात पेटंट १७९० चं आहे, थॉमस सेंट नावाच्या लंडनच्या एका सुताराचं. त्याला बूट आणि चामड्याच्या वस्तू शिवायच्या होत्या. त्याच्या यंत्रात आधी आरी खाली येऊन भोक पाडायची, मग खाच असलेली सुई त्या भोकातून धागा खाली नेऊन साखळीचा टाका घालायची. चांभाराचा उजवा हात त्यानं लोखंडात उतरवला होता. पण त्याचं पेटंट डिंक-व्हार्निशच्या कागदांत दाखल झालं आणि पुढची ऐंशी-एक वर्षं कुणाच्या नजरेला पडलं नाही. १८७० नंतर न्यूटन विल्सन या मशीनवाल्याला ते सापडलं. त्यानं आराखड्यावरून यंत्र बनवलं, तर ते चालवायला त्यात बदल करावे लागले.

सेंटच्या यंत्रात खालचा धागा नव्हता. तो आला अमेरिकेत, एलिआस हाऊच्या १८४६ च्या पेटंटमधून. टोकाला नेढं असलेली सुई धागा खाली नेते. खाली विणकराच्या धोट्यासारखा छोटा धोटा दुसरा धागा घेऊन त्या फासातून पलीकडे जातो. दोन धाग्यांची गाठ चामड्याच्या किंवा कापडाच्या पोटात बसते. चांभाराच्या टाक्यातही हेच होतं. धोट्यातली बॉबिन म्हणजे अंधारात धागा धरून बसलेला डावा हात. १८५१ मध्ये आयझॅक सिंगरनं हीच कल्पना मजबूत, चालणाऱ्या आणि विकता येणाऱ्या यंत्रात बसवली.

या सिंगरसाहेबांबद्दल एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९२४ मध्ये गांधीजींना एका तरुणानं विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? त्यांनी सिंगरच्या मशीनला सूट दिली. बायकोला रात्र रात्र टाके घालताना बघून, तिच्या प्रेमापोटी सिंगरनं हे यंत्र केलं, असा दाखला दिला. गोड गोष्ट आहे. प्रत्यक्षात सिंगर हा आधी नाटकात कामं करणारा, पाच बायकांपासून चोवीस मुलं झालेला गृहस्थ होता, आणि यंत्रामागे त्याचा पहिला हेतू रोकडा होता. गांधीजींना हे ठाऊक नसावं. मात्र चामड्यातलं त्यांना सिंगरपेक्षा जास्त कळत होतं. दक्षिण आफ्रिकेत असताना ते स्वतः चपला शिवायला शिकले होते, आणि त्यांनी केलेला एक जोड जनरल स्मट्सनं बरीच वर्षं वापरून नंतर परत पाठवला.

आता आपल्या गावाकडे येऊ.

औरंगाबाद हे जन्मापासून घोड्यांचं शहर. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली तीच मुळी मोगलांना दमवणाऱ्या घोडदळाच्या जोरावर, आणि त्या घोडदळात मराठे बारगीर मोठ्या संख्येनं होते. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. एका घोड्यामागे किती चामडं लागतं याचा आपण आता विचार करत नाही. लगाम, तंग, रिकिबीचे पट्टे, जीन, तलवारीचा पट्टा, पखाल, मोजडी. खोगीर जाडं-भरडं कापड आणि नमदा घालून भरायचं. त्यात हाताला येईल ती चिंधी कोंबायची सवय होती, म्हणून 'खोगीरभरती' हा शब्द आजही आपण सभेतल्या गर्दीला आणि लेखातल्या फालतू परिच्छेदांना वापरतो. (या लेखालाही कुणी वापरील. हरकत नाही.)

निजामाच्या काळात शहराला लागून छावणी आली. तिथं हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ असे. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, आणि १८५३ च्या तहानंतर तिच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात. अशाच छावण्या मोमिनाबादेत म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, हिंगोलीत, जालन्यात होत्या. १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीतल्या घोडदळानं दिल्लीच्या बादशहाविरुद्ध जायला नकार दिला. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली आणि पुढे ज्या जागी शिक्षा झाल्या तो काळा चबुतरा आज क्रांती चौकात आहे.

आपल्या गोष्टीला महत्त्वाचं ते असं, की हे घोडदळ 'सिल्लेदारी' पद्धतीवर चालायचं. शब्द आपलाच, इंग्रजांनी उचललेला. सरकार बंदूक आणि काडतुसं देणार. घोडा, खोगीर, कपडे, लगाम हे सगळं सवाराचं. नोकरीत शिरताना त्यानं रक्कम भरायची, पगारातून कापून घ्यायची, आणि सामान चालू ठेवायची जबाबदारी त्याची. तंग तुटला तर तो सरकारी कोठीत जमा होत नसे. दुरुस्त होत असे. म्हणून प्रत्येक पलटणीबरोबर भिस्ती आणि साईस यांच्या जोडीला मोची असे. छावणीच्या कडेला चामड्याच्या दुरुस्तीला रोकड पैसे देणारं गिऱ्हाईक कायमचं बसलेलं होतं. मराठवाड्यातल्या बाकी गावांत ही गोष्ट नव्हती.

खेड्यातला चांभार बलुतेदार. वर्षभर कुणब्याच्या वहाणा शिवायच्या, मोट दुरुस्त करायची, आसूड आणि वाद्या करायच्या. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं. मोट म्हणजे कातड्याची भली मोठी पिशवी, विहिरीतून बैलांच्या जोरावर पाणी ओढणारी. तिची शिवण उसवली की पाटाचं पाणी थांबलं. ती शिवण वादीनं, म्हणजे चामड्याच्याच पट्टीनं, घातलेली असे. ढोर बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीत कातडं कमावून देई, चांभार रापीनं कापून आरीनं शिवी. या साखळीत मशीनला शिरायला जागाच नव्हती, आणि त्याचं कारण तंत्रापेक्षा हिशेबात आहे. सिंगर कंपनीचं भारतातलं काम १८८० नंतर बरीच वर्षं एन. एम. पटेल हे मुंबईचे पारशी गृहस्थ बघत. त्यांनी देशभर विक्री वाढवली ती हप्त्यांच्या जोरावर; महिन्याला थोडे थोडे भरा आणि मशीन घरी न्या. शिंप्याला ते जमलं, कारण त्याला शहरात शिलाई रोख मिळू लागली होती. चांभाराला वर्षाचं धान्य मिळे. हप्ता रोकड मागतो, खळं जोंधळा देतं. या दोघांचं गणित कसं जुळणार?

जुळलं ते छावणीसारख्या ठिकाणी, जिथं चामड्याला रोकड होती. आणि त्याआधी एक मोठी उलथापालथ व्हावी लागली. १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्याकडे 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणून लक्षात राहिला. गुरं पटापट मेली, आणि देशातून कातड्यांची निर्यात एकदम फुगली. त्याच सुमारास मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे औरंगाबादवरून धावू लागली. मेलेल्या बैलाचं कातडं गावातल्या ढोराच्या कुंडात पडण्याऐवजी डब्यात बसून बंदरावर जाऊ लागलं, आणि परतीच्या गाडीनं कानपूरचे बूट, खोगिरं आणि विलायती यंत्रं येऊ लागली. कानपुरात १८६० च्या दशकापासून सरकारी जीन-खोगिराचा कारखाना होता, १८८० नंतर कूपर ॲलन कंपनी फौजेसाठी बूट करत होती.

मोठ्या कारखान्यांत जाड चामड्यासाठी वेगळीच जनावरं होती. लीड्सच्या पिअर्सन कंपनीचं जीन शिवायचं यंत्र, अमेरिकेतल्या सेंट लुईसचं लँडिस. ओतीव लोखंडाची, माणसाच्या छातीएवढी धुडं. त्यांत मेण वितळत ठेवायची वाटी असते, त्यातून धागा ओला होऊन टाक्यात जातो आणि थंड होताना भोकात घट्ट बसतो. लायमन ब्लेकनं १८५८ मध्ये तळवे शिवायचं यंत्र काढलं, ते अमेरिकेच्या यादवी युद्धात फौजेचे बूट शिवून शिवून प्रसिद्ध झालं. म्हणजे दरवेळी युद्ध, घोडा आणि बूट. चामड्याच्या मशीनला कापडाच्या मशीनसारखा संसार कधी लाभला नाही. ती लग्नात रुखवतात मांडली गेली नाही.

एवढं असूनही अनुभवी जीनगर यंत्राच्या टाक्याकडे संशयानं बघत, आणि त्यांचं खरं होतं. जीनगराचा हाताचा टाका चांभाराच्या टाक्याहून वेगळा; त्यात मेण लावलेले दोन्ही धागे प्रत्येक भोकातून आवळून जातात. एखादा टाका घासून तुटला तरी शेजारचे धरून राहतात. यंत्राच्या टाक्यात दोन धागे फक्त एकमेकांत अडकलेले. ताण चुकला आणि गाठ चामड्याच्या पोटात न बसता वर आली, की ती घोड्याच्या घामानं आणि घर्षणानं तुटते आणि शिवण भरभर उसवते. घोड्याच्या तंगावर सवाराचा जीव असतो. तिथं आरीच चालली.

मग माझी भंगारातली २९-के कशासाठी? तिचा धंदा दुरुस्तीचा. हिच्या जातीला विलायतेत 'इलॅस्टिक मशीन' म्हणत, कारण घोट्याच्या दोन्ही बाजूंना इलॅस्टिक असलेल्या बुटांची फॅशन आली, ते इलॅस्टिक सैल व्हायचं, आणि तयार बुटात नवीन बसवायला साधी मशीन उपयोगाची नव्हती. तयार बूट म्हणजे बंद पिशवी. सपाट पाटावर तो उघडून ठेवता येत नाही.

यावरचा तोडगा बघून मी अजूनही थक्क होतो. त्यांनी खालचा पाट काढून टाकला आणि बारीक भुजा केली, जी बुटात थेट चवड्यापर्यंत शिरते. भुजेच्या टोकाशी नखाएवढी बॉबिन. ती इतकी लहान, की थोड्या कामानंतर पुन्हा भरावी लागते. या मशीनवाल्यांची शंभर वर्षं हीच तक्रार आहे. त्या टोकापर्यंत हालचाल पोचवायला भुजेच्या पोटातून एक लांब दातेरी पट्टी पुढे-मागे सरकते आणि टोकाशी असलेलं छोटं दातेरी चाक अर्धवट फिरवते, त्यावर धोटा झुलतो. आता दुसरी अडचण: साध्या मशीनमध्ये खालचे दात कापड पुढे ढकलतात, इथं दातांना जागाच नाही. म्हणून कापड ढकलायचं काम वरच्या दाबपायाला दिलं. तो चामडं दाबतो, चालतो, उचलतो, परत येतो. आणि तिसरी करामत म्हणजे हा पाय गोल फिरतो, पूर्ण वाटोळा. वरची कडी बोटानं फिरवली की टाका उजवीकडे, डावीकडे, तुमच्याकडे, तुमच्यापासून लांब, जिकडे हवा तिकडे जातो. बूट जागेवर राहतो, शिवण वळते. एका हातानं चाकाची मूठ फिरवायची, दुसऱ्यानं बूट धरायचा. वीज लागत नाही.

तळवा मात्र हिच्या आवाक्याबाहेर. तो जाड, तिची सुई नाजूक. म्हणून मशीन घेतलेल्या माणसानंही आरी टाकली नाही. वरचा भाग मशीनवर, तळवा हातावर. आजही कुठल्याही गटई कामगाराजवळ पाच मिनिटं उभं राहा, ही वाटणी दिसेल.

पुढचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण तो एकामागून एक गिऱ्हाइकं निघून जाण्याचा इतिहास आहे. १९०३ मध्ये कंटिंजंटचं वेगळेपण संपलं, तिच्या घोडदळाच्या पलटणी इंग्रजी फौजेत 'डेक्कन हॉर्स', 'गॉर्डन्स हॉर्स' अशा नावांनी मिसळल्या. त्यातली २० वी डेक्कन हॉर्स १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत भाले घेऊन चालून गेली. मशीनगनच्या युगात. महायुद्ध संपलं आणि १९२१ मध्ये सिल्लेदारी पद्धत बंद झाली. सगळं सामान सरकारी, कारखान्याचं. पलटणीच्या मोच्याची जागा तिथंच आक्रसली. दुसऱ्या महायुद्धात घोडेच गेले, रणगाडे आले. या पलटणींची पुढची गंमत अशी, की १९६५ मध्ये पंजाबात असल उत्तरला पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांची जी दैना झाली, त्यात लढलेल्या आपल्या तीन रणगाडा पलटणींपैकी दोन, डेक्कन हॉर्स आणि आठवी कॅव्हलरी, यांची मुळं जुन्या हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात आहेत.

गावाकडेही साखळी सुटत होती. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेपासून बाबासाहेबांच्या चळवळीनं मेलेली गुरं ओढायचं काम सोडण्याचा निर्धार केला. तो मराठवाड्यात गावोगाव पोचला तेव्हा त्यापायी बहिष्कार आणि मारहाणही सोसावी लागली. जुन्या वस्तूंवर लिहिताना हे विसरून चालणार नाही. संग्रहाच्या नादात माणूस लोखंडावरची नक्षी बघतो आणि तिच्यापुढे कोण, कुणाच्या उंबऱ्याबाहेर बसलं होतं ते सोडून देतो. पुढे याच शहरात, छावणीच्या शेजारी, नागसेनवनात १९५० साली बाबासाहेबांच्या संस्थेचं कॉलेज निघालं आणि आरी-रापीच्या घरांतली पोरंही पुस्तकं घेऊन तिथं जाऊ लागली. मधल्या काळात बाटाचे तयार बूट आले. चामड्याच्या मोटेच्या जागी पत्र्याची आली, तिच्या जागी ऑइल इंजिन, मग विजेची मोटर. वहाणांना टायरचे तळवे लागले, मग प्लास्टिक आलं.

घोडा गेला, मोट गेली, इलॅस्टिकचे बूट तर कधीच गेले. ही मशीन मात्र संपली नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, शहर स्कूटर आणि रिक्षांचं झालं. सीटची कव्हरं, रिक्षाची हूड, शाळेची दप्तरं, ताडपत्री, बॅगांच्या चेन; रेक्झिन आलं आणि चामड्यासाठी घडवलेल्या सुया त्यात घुसल्या. लुधियानात या जुन्या मशिनींच्या नकला होऊ लागल्या, आजही होतात. विलायतेत आणि अमेरिकेत हीच २९-के लोक दिवाणखान्यात ठेवतात, सोनेरी अक्षरं पुन्हा रंगवतात. आपल्याकडे मला संग्रह करणं जड जातं याचं कारण एवढंच, की चांगल्या मशीनपुढे कुणीतरी बसलेलं असतं.

औरंगपुऱ्याच्या बाजूला एक मामा बसतात, समाजकल्याणच्या योजनेतल्या पत्र्याच्या स्टॉलमध्ये. त्यांच्याजवळ 'वाय' अक्षराची आहे, म्हणजे १९२१ नंतरची, रंग पूर्ण उडालेला, मूठ हातानं घासून चांदीसारखी झालेली. खंडेनवमीला तिच्यावर झेंडू असतो. मी दोन वर्षं तिच्या मागे होतो.

"मामा, द्या की. नवी घेऊन देतो वर."

"नवी तुम्हीच ठेवा दादा. काचेच्या कपाटात छान दिसंल."

यावर काय बोलणार? गेल्या महिन्यात गेलो तर मशीनवर फडकं टाकलेलं आणि मामा आरीनं दप्तराचा पट्टा शिवत होते. टाके सुटायला लागले होते. भुजेच्या पोटातल्या पट्टीचे दात झिजले, धोटा सुईच्या वेळेवर पोचेना. बाजारातली नवी पट्टी आणली होती, ती चार महिन्यांत घासली. मी घरी जाऊन माझी 'एफ' पोत्यात घालून आणली. मामांनी तिचं टोक उघडलं, करंगळी आत घालून दात चाचपले, आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत.

पट्टी निघायला पाऊण तास गेला. शंभर वर्षांचं तेल तिथं गोंदासारखं झालं होतं. ती त्यांच्या भुजेत बसली. थोडी कानसावी लागली, पण बसली. त्यांची झिजलेली पट्टी त्यांनी पुसून माझ्या मशीनमध्ये घालून दिली. "तुमच्या शोकेसला चालती," म्हणाले. मग चामड्याचा एक तुकडा दाबपायाखाली सरकवला, मूठ धरून सात-आठ टाके घातले, कडी फिरवून तिथंच वळण घेतलं आणि आणखी चार. तुकडा बाहेर काढला. मी वरची शिवण बघायला वाकलो, तोवर त्यांनी तो उलटा केला आणि खालच्या बाजूवरून अंगठ्याचं नख फिरवलं. गाठ कुठंच लागली नाही.